मंडळीच्या तोंडचे गाणे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, पत्र्याच्या छपराखालच्या ज्या चर्चमध्ये मी लहानपणी बसत असे, तिथे एक पेटी, एक ढोलक, टाळांचे दोन-तीन जोड आणि एक खंजेरी इतकीच वाद्ये होती. पाळकसाहेबांनी ‘उपासना संगीता’तला क्रमांक सांगितला की ज्यांना वाचता येई ते पुस्तक उघडत आणि ज्यांना येत नसे ते डोळे मिटत, कारण ते गीत त्यांना पाठच असे. माझी आत्या या दुसऱ्या लोकांतली. तिने कधी अक्षर गिरवले नाही, पण शंभराच्या वर गीते तिला कडव्यांच्या क्रमासकट येत होती, आणि कापूस वेचायला गेली की पऱ्हाटीच्या तासात वाकल्या वाकल्या ती तीच गीते म्हणत असे. शेजारच्या तासातल्या, दुसऱ्या धर्माच्या बायाही धृपदाला तिला साथ देत.

आज त्याच चर्चमध्ये कीबोर्ड आहे, दोन मोठे स्पीकर आहेत, चार माइक आहेत आणि भिंतीवर शब्द दाखवणारा पडदा आहे. वाजवणारी मुले आमचीच आहेत. नागपूर-पुण्याला शिकायला किंवा कामाला गेली असता तिथल्या मोठ्या मंडळ्यांत त्यांनी हे पाहिले, पदरचे पैसे घालून वाद्ये आणली आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसून ती सराव करतात. त्यांच्या भक्तीबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु गेली काही वर्षे मी उपासनेत मुद्दाम मागच्या बाकावर बसून पाहत आलो आहे, आणि मला जे दिसते ते असे की मंडळी गात नाही. लोक उभे राहतात, टाळ्या वाजवतात, काहींचे ओठ हलतात. पण स्पीकरच्या आवाजाखाली कोणाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग शेजाऱ्याचा कुठून येणार? आत्याच्या वयाच्या बाया दुसऱ्या कडव्यानंतर खाली बसतात.

या प्रश्नावर आमच्याकडच्या मंडळ्यांमध्ये जो वाद होतो तो जुने विरुद्ध नवे आणि आपले विरुद्ध परके असा होतो, आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी होतो. वडीलधारी माणसे म्हणतात की पेटी-तबला ही आपली वाद्ये आणि कीबोर्ड परदेशी. परंतु पेटीसुद्धा आपल्या मातीत जन्मलेली नाही. 1842 साली पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले गेले, युरोपियन लोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली, आणि भारतीय गायनाला ती मानवत नाही असे म्हणून आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले होते. तरीही तिने भजनाच्या बैठकीत असे घर केले की तिच्यावाचून भजन आज आपल्याला सुचत नाही. कीबोर्डचेही कदाचित तसेच होईल. वाद्याचे कूळ विचारून उपासनेचा निवाडा होत नाही. विचारायचे ते एवढेच की त्या वाद्याने मंडळीचा आवाज उचलला की दाबला.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे, कारण दोन्ही बाजू त्यातली आपापल्या सोयीची वचने उचलतात. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशे आणि इस्राएल लोक गातात, आणि मिर्याम हातात डफ घेते तेव्हा सगळ्या स्त्रिया डफ घेऊन तिच्यामागे निघतात. कातडे ताणलेले, हातात धरून वाजवायचे ते वाद्य आपल्या खंजेरीच्याच कुळातले. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या 136व्या स्तोत्रात 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हेच पालुपद येते. एकाने पुढची ओळ म्हणावी आणि लोकांनी पालुपद उचलावे, अशीच ती रचना आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी भजनात झील धरली आहे त्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. पुस्तक नसलेल्या, वाचता न येणाऱ्या समाजाला संपूर्ण गीतात सामील करून घेण्याची याहून चांगली युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावाही मी लपवू इच्छित नाही, आणि तो लहान नाही. दाविदाने मंदिराच्या सेवेसाठी जी व्यवस्था लावली तिच्यात चार हजार लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेसाठी वेगळ्या ठेवलेल्या वंशातले लोक, वाद्यांसह स्तवन करण्यासाठी नेमले होते, असे बायबलातल्या ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या 23व्या अध्यायात आहे. आणि 25व्या अध्यायात आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या हाताखाली परमेश्वराच्या गायनात निपुण झालेल्या 288 जणांची मोजदाद आहे. शलमोनाच्या मंदिराचे समर्पण झाले तेव्हा 120 याजक कर्णे वाजवत होते. म्हणजे निवडलेले, शिकवलेले गायक-वादक आणि मोठा आवाज ही शास्त्राला अमान्य गोष्ट नाही, आणि आमची मुले हेच अध्याय दाखवतात तेव्हा ती खोटे बोलत नाहीत. परंतु तिथेच आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, लेव्यांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या गेल्या त्या लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद न करता टाकल्या गेल्या. शिकवणे हा त्या सेवेचा पायाच होता. दुसरी, त्याच ग्रंथाच्या 16व्या अध्यायात आसाफ आणि त्याच्या भाऊबंदांचे गीत संपते तेव्हा सर्व लोक ‘आमेन’ म्हणतात व परमेश्वराचे स्तवन करतात. लेव्यांचे गाणे लोकांच्या तोंडात जाऊन संपत होते.

आणि नव्या करारात तर लेवीच उरत नाहीत. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, तेव्हा त्यांच्याजवळ ना मंदिर होते ना वाजंत्री. वल्हांडण या यहूदी सणाच्या रात्री घरोघर म्हटली जाणारी स्तोत्रेच त्यांनी म्हटली असावीत, असे अभ्यासक मानतात. इफिस आणि कलस्सै येथील मंडळ्यांना प्रेषित पौल पत्रांत लिहितो ते स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक प्रबंध एकमेकांना म्हणून दाखवण्याविषयी. ‘एकमेकांना’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात गाणारा आणि ऐकणारा अशी दोन माणसे वेगळी उरत नाहीत. करिंथकरांना तो सांगतो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, आणि लगेच विचारतो की तुझे बोलणे ज्याला समजत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसे म्हणेल. आमच्या पडद्यावरच्या बहुतेक गीतांची भाषा हिंदी असते, म्हणून हे वचन इथे आठवते. हिंदी आम्हा वैदर्भीयांना परकी नाही. 1956 पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशातच होता आणि नागपुरात दोन्ही भाषा आजही एकाच वाक्यात नांदतात. पण बाजारात समजणारी भाषा आणि जिच्यात माणूस रडतो ती भाषा यांत फरक असतो, आणि ‘आमेन’ दुसरीतून येतो.

मंडळीचे गाणे मंडळीकडून काढून घेण्याचा प्रकार काही आजचा नाही. इ.स. 112च्या सुमारास धाकटा प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांची हकिगत कळवताना लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. छळ सोसणाऱ्या त्या मंडळ्यांचे गाणे असे परस्परांत फिरणारे होते, आणि पहिल्या शतकांत त्यांनी वाद्ये जवळजवळ वापरलीच नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांपैकी बहुतेक आजही वाद्यांवाचूनच गातात. मात्र चौथ्या शतकात लावदिकिया येथील परिषदेने असा नियम केला की नेमलेल्या आणि उंच चौथऱ्यावर चढून पुस्तकातून गाणाऱ्या गायकांशिवाय इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये. हेतू शिस्तीचा असेल. पण पुढची कित्येक शतके पश्चिमेकडच्या चर्चमध्ये गाणे उत्तरोत्तर सुंदर होत गेले आणि सामान्य माणूस उत्तरोत्तर मुका. 1524 साली जर्मनीत आठ गीतांची एक लहानशी पुस्तिका छापली गेली, त्यांतली चार मार्टिन लूथरची होती. लोकांना त्यांच्या बोलीत गाता यावे म्हणून ती काढलेली होती. रोमन कॅथलिक चर्चनेही 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उपासनेतला लोकांचा सक्रिय सहभाग हे तत्त्व म्हणून मांडले आणि ज्या त्या देशाच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. इतक्या शतकांनी जे परत मिळाले ते स्पीकरच्या दोन खोक्यांपायी पुन्हा गमावणे मला परवडणारे वाटत नाही.

आमच्या भागाला तर सामुदायिक गायन शिकवण्यासाठी बाहेरून कोणी यायची गरज नाही. ज्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारले ती अमरावती जिल्ह्यात आहे, आणि ‘सामुदायिक प्रार्थना’ हा शब्द त्यांच्यामुळे वऱ्हाडातल्या लहान लहान खेड्यांत घरातल्या शब्दासारखा झाला. संध्याकाळी गाव एकत्र बसते आणि सगळे मिळून म्हणतात. खंजेरी असते, पण ती गाणाऱ्यांच्या मागे असते. त्याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि हजारोंच्या तोंडून उत्तर काढून घेत. आमच्या श्रद्धेचा आशय निराळा आहे हे मी जाणतो आणि तो पातळ करावा असे मी म्हणत नाही. परंतु माणसे एकत्र कशी गातात याविषयीचे या मातीचे शहाणपण आमच्याही पूर्वजांचेच आहे, आणि त्यावर आमचा हक्क आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले ते दहा हजारांहून अधिक ओव्यांत. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची वाट धरली, आणि ‘उपासना संगीता’तली कितीतरी गीते त्यांची आहेत. माझ्या आत्याला ती पाठ होती, याचे कारण ती गीते तिच्या जात्यावरच्या लयीत आधीच बसत होती.

काही वडील मंडळी इथे आक्षेप घेतात की लोकांच्या चाली घेतल्या तर त्या चालींबरोबर जुन्या पूजेच्या आठवणीही येतील. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण स्तोत्रसंहितेतल्या शीर्षकांकडे पाहावे. 57, 58, 59 आणि 75 या स्तोत्रांवर ‘नाश करू नको’ असे शब्द आहेत, तर 22व्यावर ‘पहाटेची हरिणी’. आणि अभ्यासकांचे सामान्यतः असे मत आहे की ही त्या काळी लोकांना ठाऊक असलेल्या चालींची नावे आहेत. पहाटेच्या हरिणीविषयीचे ते गाणे काय होते हे आज कोणालाच ठाऊक नाही. ते शेतातले असेल, लग्नातले असेल. पण ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द त्या चालीवर बसवले गेले, आणि शतकांनंतर वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी तेच शब्द आले.

हे लिहिताना मी मुद्दाम या स्तोत्रापाशी आलो आहे, कारण ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावले ती इथेच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका तरुण शेतकऱ्याने कर्जाच्या ओझ्याखाली आपले जीवन संपवले. विदर्भात हे वाक्य इतक्या वेळा लिहावे लागते की ते लिहितानाही हात जड होतो. त्यानंतरच्या रविवारी त्याची आई चर्चमध्ये येऊन तिच्या नेहमीच्या जागी बसली. मंचावरून त्या दिवशी लागोपाठ चार गीते झाली, आणि चारही विजयाची, सामर्थ्याची, टाळ्या वाजवण्याची होती. गाणाऱ्या मुलांमध्ये मृताचे मित्र होते, त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांच्या मनात कठोरपणा नव्हता. त्यांच्याजवळ दुसरे गीतच नव्हते. ती माउली मान खाली घालून बसून राहिली आणि आशीर्वचनापूर्वी उठून गेली.

150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. 13वे स्तोत्र ‘कोठवर, हे परमेश्वरा?’ असे विचारत सुरू होते. 88वे तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची एक ओळही जोडलेली नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे व कोरहाच्या वंशजांच्या, म्हणजे मंदिराच्या गायकांच्या, संग्रहात आहे. शौल आणि योनाथान पडले तेव्हा दाविदाने केलेला विलाप यहूदाच्या वंशजांना शिकवावा अशी आज्ञा झाली. योएल संदेष्टा तर आमच्याच धुऱ्यावर उभा राहून बोलल्यासारखा बोलतो: टोळांनी शेते खाल्ली आहेत, गहू आणि जव गेले आहेत, म्हणून शेतकऱ्यांनो, आक्रोश करा, आणि याजकांनो, तुम्हीही गोणपाट नेसून विलाप करा व मंडळीला एकत्र बोलवा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आमच्याकडच्या पऱ्हाटीची बोंडे आतून पोखरली, तेव्हा त्या वर्षीच्या उपासनांमध्ये योएलाचा हा अध्याय वाचल्याचे किंवा गायल्याचे मला आठवत नाही.

विलाप उपासनेतून का गेला, याचे माझे उत्तर असे आहे की गाणे मंचावर गेले म्हणून गेला. आनंदाचे गीत एकट्याने माइकवर म्हणता येते आणि ऐकणाऱ्यांना त्याचा उत्साह वाटतो. दुःखाचे गीत एकट्याने माइकवर म्हटले तर ते प्रदर्शन होते किंवा म्हणणाऱ्याचा कंठ दाटून थांबते. त्याला शेजारच्या आवाजाचा आधार लागतो. एकाचा स्वर तुटला की दुसऱ्याने तो उचलावा लागतो. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते, पण ते दोघे होते. इ.स. 386 मध्ये मिलानचे बिशप अँब्रोझ आणि त्यांची मंडळी राजसत्तेच्या धाकात चर्चमध्ये रात्री जागून काढत होती, त्या प्रसंगाविषयी चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन सांगतो की लोक शोकाने खचून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडच्या रीतीप्रमाणे गीते व स्तोत्रे गाण्याचा प्रघात तिथे तेव्हा सुरू झाला. म्हणजे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये मंडळीच्या गायनाची ही प्रथा रुजली तीच खचू पाहणाऱ्या माणसांना धरून ठेवण्यासाठी. याच ऑगस्टीनला पुढे आपल्या कानाला होणाऱ्या सुखाचीही धास्ती वाटली. गीताच्या अर्थापेक्षा स्वरानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून अपराध होतो, असे त्याने कबूल केले आहे. चांगल्या आवाजाच्या आमच्या मुलांनी तो उतारा वाचावा असे मला मनापासून वाटते.

आणि गाणे कितीही सुरेल असले तरी आमोस संदेष्ट्याचा शब्द टळत नाही. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, असे परमेश्वर त्याच्या तोंडून म्हणतो आणि लगेच न्याय पाण्यासारखा वाहू द्या असे सांगतो. ज्या मंडळीला आपल्यातल्या कर्जबाजारी माणसाचे नाव मृत्यूनंतर कळते, तिच्या संगीताविषयी बोलताना हे वचन बाजूला ठेवता येणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. कीबोर्ड राहू द्या. स्पीकरचा आवाज इतका ठेवा की मागच्या बाकावरच्या बाईला शेजारणीचा सूर ऐकू येईल. पट्टी गायकाच्या गळ्याची न धरता मंडळीच्या गळ्याची धरा. पांढरी चार किंवा पाच पट्टी कोणाला झेपते हे ज्याने भजनात पेटी धरली आहे तो जाणतो. नवे गीत आणाल तर ते तीन रविवार शिकवा, पालुपदापासून सुरुवात करून. महिन्यातून एक तरी गीत मराठीत, जमल्यास वऱ्हाडीत, तुम्ही स्वतः लिहा. ओवीची चाल घ्या, भुलाबाईच्या गाण्याची घ्या. ज्या मुलांना सुरांचे इतके ज्ञान आहे त्यांना हे अवघड नाही, आणि गावातल्या म्हाताऱ्या बाया अजून जिवंत आहेत तोवरच त्या चाली मिळतील. माझ्या आत्याबरोबर काही गेल्या.

यंदा हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी लोक पहिला कापूस, तूर, ज्वारीची कणसे वेदीपुढे आणून ठेवतील. यंदाही काहींची दुबार पेरणी झाली आहे आणि काही जण मोकळ्या हातांनी येतील. त्या दिवशी उपकाराच्या गीतांआधी 126वे स्तोत्र घ्यावे, असे मी आमच्या पाळकसाहेबांना सुचवले आहे. यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पंधरा आरोहणस्तोत्रांपैकी ते एक आहे, आणि अश्रू ढाळीत बी पेरायला जाणाऱ्या माणसाचे चित्र त्यात आहे. एका मुलाने त्याची चाल बसवायला घेतली आहे. पालुपद बाया म्हणतील, माइकशिवाय, आणि त्या माउलीला कोणाबरोबर बसायचे आहे हे विचारून तिची जागा ठरवली जाईल.